गडनदीचे खोरे आणि सायकलीचा रस्ता

रस्त्याने कोकणातून जाणाऱ्या बहुसंख्य प्रवाशांच्या लेखी कणकवली हे मुंबई-गोवा महामार्गावरील एक मोठे बाजारगाव आहे. चौपदरी महामार्ग उड्डाणपुलावरून गाव ओलांडतो, रेल्वेगाडी स्थानकावर क्षणभर थांबून पुढे जाते आणि गावाच्या दोन्ही अंगांना पसरलेला प्रदेश खिडकीतून दिसला तेवढाच लक्षात राहतो. वस्तुतः कणकवली हे एका नदीखोऱ्याच्या मध्यावर वसलेले गाव आहे. पूर्वेकडे सह्याद्रीच्या पायथ्याशी नरडवे, पश्चिमेकडे समुद्रालगत तळाशील, आणि या दोन टोकांच्या मधून वाहणारी गडनदी असा हा प्रदेश असून, त्यातील गावांना जोडणाऱ्या आतल्या रस्त्यांवर दिवसाच्या बऱ्याच प्रहरी मोटारीचा आवाजही कानी पडत नाही. सायकलीने दूरचा प्रवास करू इच्छिणाऱ्या माणसाला ज्या प्रकारचे रस्ते जगातील अनेक देशांनी मोठ्या प्रयत्नाने व खर्चाने निर्माण केले, तसे रस्ते या खोऱ्यात भूगोलाच्या आणि वस्तीच्या रचनेमुळे आपोआप घडलेले आहेत, आणि त्यांची ओळख करून घेणे, त्यांचे मोल जाणणे ही आज निकडीची गोष्ट झाली आहे.

‘निवांत रस्ता’ या शब्दाने येथे दोन वेगवेगळ्या गोष्टी सुचवल्या जातात, त्यांतील फरक आधी स्पष्ट केला पाहिजे. पहिला प्रकार मोटारींना पूर्ण मज्जाव असलेल्या वाटेचा. फ्रान्सच्या बर्गंडी प्रांतात जिव्री आणि क्ल्युनी या गावांमधली बंद पडलेली रेल्वेवाट १९९७ साली सायकलस्वार व पादचारी यांच्यासाठी डांबरी करून खुली करण्यात आली आणि त्या देशातील ‘हरित वाटां’ची ती सुरुवात ठरली, आयर्लंडच्या पश्चिम किनाऱ्यावरही वेस्टपोर्टपासून अकिल बेटापर्यंत अशीच जुनी रेल्वेवाट सायकलींसाठी वापरात आणली गेली. दुसरा प्रकार अधिक साधा आहे: त्यात मोटारींना बंदी नसते, परंतु रस्ता अरुंद असतो, तो दूरच्या कोणत्याही शहराला जात नाही, आणि त्यावरून जाणारे वाहन हळू व क्वचितच जाते. इंग्लिश खाडीतील जर्सी या लहानशा बेटाने १९९४ पासून आपल्या अरुंद ग्रामीण गल्ल्यांना ‘हिरव्या गल्ल्या’ असा दर्जा दिला, तेथे ताशी १५ मैल, म्हणजे सुमारे २४ किलोमीटर, एवढीच वेगमर्यादा ठेवली आणि चालणारे, सायकलस्वार व घोडेस्वार यांना मोटारीच्या आधी वाट मिळेल असे ठरवले. सिंधुदुर्गातील आतले रस्ते या दुसऱ्या प्रकारात मोडतात. कोकण रेल्वे मुळातच १९९८ साली पूर्ण झाली, त्यामुळे सोडून दिलेल्या रेल्वेवाटा येथे नाहीत. जे आहे ते गावरस्त्यांचे जाळे.

हे जाळे समजून घेण्यासाठी रस्त्यांची सरकारी वर्गवारी ठाऊक असणे उपयोगाचे आहे. १९४३ साली नागपूर येथे भरलेल्या मुख्य अभियंत्यांच्या परिषदेने देशातील रस्त्यांची जी योजना आखली, ती ‘नागपूर योजना’ या नावाने ओळखली जाते, आणि राष्ट्रीय महामार्ग, प्रांतिक म्हणजे आताचे राज्यमार्ग, जिल्हामार्ग व ग्रामीण मार्ग ही उतरंड तेथूनच रूढ झाली. जिल्हामार्गांचे पुढे ‘प्रमुख’ आणि ‘इतर’ असे दोन भाग पडले. राज्यमार्ग व प्रमुख जिल्हामार्ग यांची देखभाल सार्वजनिक बांधकाम विभागाकडे, तर इतर जिल्हामार्ग व ग्रामीण मार्ग यांची जिल्हा परिषदेकडे असते. सायकलस्वाराला ही उतरंड रस्त्याकडेच्या मैलाच्या दगडांवरूनच ओळखता येते: ज्या दगडाचा माथा पिवळा तो राष्ट्रीय महामार्ग, हिरवा तो राज्यमार्ग, काळा किंवा निळा तो जिल्हामार्ग आणि केशरी तो गावरस्ता. कोकणच्या पावसात हे रंग पुष्कळदा धुऊन जातात हे खरे असले, तरी हिरव्या माथ्याचा दगड सोडून केशरी माथ्याच्या दगडाकडे वळणे हा निवांत प्रवासाचा पहिला नियम मानायला हरकत नाही. एकपदरी रस्त्याची डांबरी पट्टी साधारणतः पावणेचार मीटर रुंद असते, गावरस्त्यावर ती याहूनही कमी भरते, आणि दोन्ही बाजूंना जांभ्या दगडाचे गडगे असले की समोरासमोर आलेल्या दोन मोटारींपैकी एकीला थांबावेच लागते. रस्त्याची ही अडचणच सायकलस्वाराचे रक्षण करते, कारण धडकेत खर्ची पडणारी गतिज ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते; ताशी ६० किलोमीटर वेगाच्या मोटारीत ताशी ३० किलोमीटर वेगाच्या तशाच मोटारीच्या चौपट ऊर्जा असते.

या रस्त्यांवर वाहने कमी का, याचे एक उत्तर लोकसंख्येत आहे. १ मे १९८१ रोजी रत्नागिरीपासून वेगळा झालेला सिंधुदुर्ग जिल्हा सुमारे ५,२०७ चौरस किलोमीटरांचा असून २०११ च्या जनगणनेत त्याची लोकसंख्या ८,४९,६५१ होती. म्हणजे दर चौरस किलोमीटरला १६३ माणसे, जेव्हा महाराष्ट्राची सरासरी ३६५ होती. त्याच जनगणनेत येथे दर हजार पुरुषांमागे १,०३६ स्त्रिया आढळल्या, आणि घरातील कर्ती पुरुषमंडळी मुंबईला नोकरीसाठी जाण्याची जी परंपरा आहे तिचीच ही आकडेवारी आहे. वस्तीही एकवटलेली नाही. घाटावरच्या गावासारखी घरांची दाटी येथे क्वचितच आढळते; एकेक गाव अनेक वाड्यांचे, वाडी ओहोळाकाठी किंवा टेकडीच्या उतारावर पसरलेली, आणि दोन वाड्यांच्या मध्ये भाताचे मळे, काजूची कलमे किंवा मोकळा कातळ. अशा वस्तीला रस्ते पुष्कळ लागतात, पण त्यांतील प्रत्येकावर वर्दळ थोडी राहते.

दुसरे आणि अधिक महत्त्वाचे उत्तर भूरूपात आहे. दक्षिण कोकणात सह्याद्रीचा कडा समुद्रापासून साधारण पन्नास-साठ किलोमीटरांवर उभा आहे, आणि त्याच्या पायथ्यापासून निघालेल्या नद्या, म्हणजे वाघोटणच्या खाडीला मिळणारी शुकनदी, मधली गडनदी, तिच्या दक्षिणेची कर्ली आणि गोव्याच्या हद्दीवरची तेरेखोल, या एकमेकींना बहुतांशी समांतर अशा पश्चिमेकडे वाहतात. दोन नद्यांच्या मध्ये जांभा दगडाची सपाट माथ्याची पठारे असतात, त्यांना ‘सडा’ म्हणतात. परिणामी कोकणातून उत्तर-दक्षिण जाणारा रस्ता प्रत्येक सड्यावर चढतो आणि प्रत्येक खाडीशी उतरतो. सागरी मार्गाने मुंबईहून गोव्याकडे सायकलीने निघालेल्या मंडळींना ज्या अविरत चढउतारांनी दमवले जाते, त्यांचे मूळ हेच. याउलट पूर्व-पश्चिम जाणारा, नदीच्या काठाने चाललेला रस्ता नदीच्याच उताराचा असतो, आणि नदी तर सह्याद्रीचा पायथा सोडल्यावर फारशी घाई करत नाही. मोटारींचा मोठा ओघ मात्र उत्तर-दक्षिण वाहतो, कारण मुंबई एका टोकाला आणि गोवा दुसऱ्या टोकाला आहे. मोटारीची दिशा आणि नदीची दिशा अशा काटकोनात असल्यामुळेच गडनदीच्या खोऱ्यात सायकलीला जागा उरली आहे.

चढ म्हणजे शरीरावर नेमका किती भार, हे आकड्यांनी पाहिल्यास खोऱ्याच्या रस्त्याचे मोल अधिक स्पष्ट होते. सायकल आणि स्वार यांचे मिळून वजन ८० किलो धरले, आणि शंभर मीटर अंतरात पाच मीटर उंची वाढते अशा चढावरून ताशी १० किलोमीटर वेगाने जायचे म्हटले, तर केवळ गुरुत्वाकर्षणावर मात करण्यासाठी सुमारे ११० वॉट शक्ती सतत लावावी लागते. सवय नसलेल्या निरोगी प्रौढाला तासभर टिकवता येणारी शक्ती साधारण याच घरात असते, म्हणून असा चढ त्याला धाप लावतो. शंभर मीटरांत एकच मीटर चढणाऱ्या रस्त्यावर ताशी १५ किलोमीटर वेग राखला तरी हा भार जेमतेम ३३ वॉट भरतो. नदीकाठचा रस्ता धरला तर वयाची साठी उलटलेली व्यक्ती किंवा शाळकरी मूलही बऱ्याच अंतरापर्यंत जाऊ शकते, ते या फरकामुळे.

उतारापेक्षाही सायकलस्वाराला अधिक छळतो तो वारा, आणि या बाबतीत किनारी खोऱ्याची देणगी फारशी कुणाच्या ध्यानात आलेली दिसत नाही. हवेचा विरोध हा वाऱ्याच्या सापेक्ष वेगाच्या वर्गाने वाढतो; ताशी १५ किलोमीटर वेगाने जाणाऱ्या स्वाराला तेवढ्याच वेगाचा वारा समोरून लागला तर विरोध चौपट होतो, आणि तोच वारा पाठीमागून आला तर विरोध जवळजवळ नाहीसा होतो. किनाऱ्यावर वाऱ्याची दिशा दिवसातून दोनदा बदलते. रात्री जमीन पाण्यापेक्षा लवकर थंड होते आणि पहाटे जमिनीकडून समुद्राकडे मंद वारा वाहतो, त्याला मतलई वारा म्हणतात. सूर्य वर आल्यावर जमीन तापते, तिच्यावरची हवा वर जाते आणि दुपारपासून समुद्रावरची हवा आत शिरते, तो खारा वारा. शिडाच्या होड्या चालवणाऱ्या किनाऱ्यावरील मच्छीमारांनी पहाटे बाहेर पडण्याचा आणि दुपारी परतण्याचा क्रम याच ज्ञानावर बसवला होता. सायकलस्वाराने तोच क्रम उलट्या अर्थाने नव्हे, अगदी तसाच पाळायचा आहे: कणकवलीहून उजाडताना निघून मतलई वाऱ्याबरोबर किनाऱ्याकडे जायचे, ऊन सावलीत काढायचे, आणि उतरत्या दुपारी खारा वारा पाठीशी घेऊन परतायचे. जाताना उतार साहाय्य करतो आणि येताना चढाचा भार वारा हलका करतो. फाल्गुन-चैत्रात खाऱ्या वाऱ्याचा जोर चांगलाच असतो, आणि त्या दिवसांत हा क्रम चुकवून सकाळी उशिरा समुद्राकडे निघणाऱ्या स्वाराला शेवटचे दहा किलोमीटर पहिल्या वीस किलोमीटरांहून लांब वाटतात.

प्रत्यक्ष वाट कणकवलीहून सुरू होते ती आचरा रस्त्याने. कलमठ व वरवडे ही गावे गावाबाहेर लगेचच लागतात, जानवली नदीही याच टापूत गडनदीला मिळते, आणि महामार्गाचा आवाज विरत गेल्यावर कानांना प्रथम जाणवते ती सायकलीच्या साखळीची बारीक किरकिर. सायकलस्वार ऐकत प्रवास करतो, आणि मोटारीतील प्रवाशापेक्षा त्याचा प्रवास वेगळा पडतो तो मुख्यतः यामुळे. पाणवठ्यावरचा खंड्या दिसण्याआधी ऐकू येतो, धनेशाच्या पंखांचा घोंघावता आवाज झाडीवरून येतो, व्हाळाचे पाणी कोणत्या बाजूला आहे ते कळते, आणि पुढच्या वळणावर एसटीची गाडी आहे हेही वेळेवर समजते. गाडीचा आवाज नसणे ही केवळ सुखाची बाब नाही. त्यात सुरक्षितताही आहे, कारण शांत रस्त्यावर येणारे प्रत्येक वाहन दुरूनच आपली चाहूल देते.

आचरा रस्त्यावर गडनदीच्या काठी रामगड लागतो. हा फार उंच दुर्ग नाही. नदीवर आणि नदीतून चालणाऱ्या वाहतुकीवर लक्ष ठेवणारे ते एक ठाणे होते, आणि त्याच्या पडक्या तटाआत जमिनीत उभ्या रोवलेल्या तोफा आजही आहेत. खाली मसुरे येथे भरतगड आणि खाडीच्या पलीकडच्या काठावर बांदिवडे येथे भगवंतगड, असे दोन किल्ले समोरासमोर उभे आहेत. एक सावंतवाडीकर सावंतांचा, दुसरा बावडेकर पंत अमात्यांचा. आज आडवाटेचे म्हणून जे रस्ते सायकलस्वाराला प्रिय आहेत, त्यांच्या शेजारून एके काळी जलमार्गाने मोठा व्यवहार चालत होता याची साक्ष हे तीन लहान किल्ले देतात. रस्ते येण्याआधी खाडी हाच रस्ता होता. काठाच्या लोकांनी ‘तर’, म्हणजे माणसे व माल उतरवणारी होडी, हीच वाहतुकीची सोय मानली, आणि पूल झाले तसतशा या तरी बंद पडत गेल्या. या वाटेवरून थोडे आत वळून सड्यावर चढायची तयारी असेल, तर मालवण तालुक्यातच कुडोपीच्या कातळावर कोरलेली प्राचीन चित्रे आहेत, ज्यांना कातळशिल्पे म्हणतात. कोकणातील अशा स्थळांचा समावेश २०२२ साली युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत झाला आणि कुडोपी त्यांपैकी एक आहे.

मसुऱ्यापासून खाली नदी राहत नाही, ती खाडी होते. गडनदीचे मुख कालावलची खाडी म्हणून ओळखले जाते, आणि तिच्या पात्रात नारळी-माडांनी झाकलेली बेटे आहेत, त्यांना या भागात ‘जुवा’ म्हणतात. या पट्ट्यात सायकलीचा रस्ता पुष्कळदा खाजणाच्या बांधाशेजारून जातो. खाजण म्हणजे भरतीचे खारे पाणी बांध घालून अडवून भातासाठी किंवा मिठागरासाठी काढलेली सखल जमीन. बांधाच्या एका बाजूला कांदळवन आणि दुसऱ्या बाजूला शेत, मध्ये माणसाच्या श्रमाने उभी केलेली एक मातीची भिंत, असे तिचे स्वरूप आहे. येथे येणाऱ्याने भरतीचे वेळापत्रक ठाऊक करून घ्यावे. दिवसातून दोन भरत्या व दोन ओहोट्या होतात आणि त्यांच्या वेळा रोज सुमारे ५० मिनिटांनी पुढे सरकतात. अमावास्या व पौर्णिमेच्या सुमारास येते ती उधाणाची मोठी भरती, अष्टमीच्या सुमारास भांगाची लहान. उधाणाच्या दिवशी खाडीकाठच्या सखल वाटांवर पाणी चढू शकते, आणि ओसरल्यावर मागे राहिलेला खारा चिखल डांबरावर घसरणीला कारण होतो. खाऱ्या पाण्यातून गेलेली सायकल त्याच दिवशी गोड्या पाण्याने धुवून साखळीला तेल दिले नाही, तर गंज चढायला वेळ लागत नाही.

या खोऱ्यातील सर्वांत निवांत रस्ता बहुधा तोंडवळीहून तळाशीलला जाणारा म्हणावा लागेल. एका बाजूला अरबी समुद्र, दुसऱ्या बाजूला कालावलची खाडी, आणि मध्ये वाळूची एक अरुंद पट्टी जी पुढे संपते. मुखापलीकडच्या काठाला जायचे तर होडीच हवी. जो रस्ता कोठेही पुढे जात नाही, त्यावर वाटचुकार वाहन येत नाही, आणि ज्यांना तेथेच काम आहे तेवढीच माणसे त्यावर भेटतात. खोऱ्याच्या दुसऱ्या टोकालाही हीच गोष्ट आढळते. कणकवलीहून पूर्वेकडे कनेडी व पुढे नरडव्याकडे जाणारा रस्ता सह्याद्रीच्या भिंतीशी थांबतो. घाटावर चढणारी वाहतूक फोंडाघाटाने किंवा वैभववाडीच्या करूळ घाटाने जाते, नरडव्याकडे ती वळत नाही, आणि म्हणून गडनदीच्या वरच्या खोऱ्यात डोंगर जवळ येत जातात तसतशी शांतता वाढत जाते. फोंडाघाटाचा रस्ता मात्र सायकलस्वाराने टाळावा हे उत्तम. तो देवगड-निपाणी मार्गाचा भाग असून त्यावर मालमोटारींची ये-जा मोठी असते.

रस्त्यांची ही शांतता वर्षभर सारखी नसते, आणि तिचे पंचांग येथील समाजजीवनाशी बांधलेले आहे. गणेशोत्सवात, शिमग्यात आणि मे महिन्यात चाकरमानी गावी येतात, घरे उघडतात, दिवे लागतात, आणि एरवी मोकळ्या असलेल्या गावरस्त्यांवर मोटारी उभ्या दिसतात. या दिवसांत गावाचा आनंद मोठा असतो आणि सायकलस्वाराने तो पाहावा, परंतु निवांतपणाची अपेक्षा ठेवू नये. मसुऱ्याच्या आंगणेवाडीत भराडी देवीची जत्रा भरते, तिची तारीख पंचांग पाहून ठरवली जात नाही, देवीच्या कौलाने ठरते, आणि त्या दिवशी लाखो भाविकांमुळे परिसरातले सारे रस्ते भरून जातात. याच्या अगदी उलट टोकाला आचऱ्याची गावपळण आहे: दर तीन-चार वर्षांनी श्री देव रामेश्वराच्या कौलाने सारे गाव गुराढोरांसह, कोंबड्याकुत्र्यांसह तीन दिवस व तीन रात्री वेशीबाहेर जाऊन राहते आणि गावात कुणीही थांबत नाही. त्या काळात गाव पाहण्याच्या कुतूहलाने आत शिरणे हा त्या प्रथेचा अवमान आहे, हे बाहेरून येणाऱ्या प्रत्येकाने ध्यानी ठेवावे.

ऋतूंचा विचार करता कार्तिकापासून माघापर्यंतचा काळ सर्वांत सोयीचा. जिल्ह्यात वर्षाला सरासरी तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि तो जवळजवळ सारा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत कोसळतो. या दिवसांत झाडीखालच्या रस्त्यांवर शेवाळ धरते, साकव पाण्याखाली जातात, मोऱ्या तुंबतात, आणि खड्डा किती खोल आहे ते वरून दिसत नाही. पाऊस ओसरल्यावर भाताची कापणी, मग काजूचा आणि आंब्याचा मोहोर असा क्रम लागतो, सकाळी गारवा असतो आणि मतलई वारा उशिरापर्यंत टिकतो. काळोख पडल्यावर मात्र थांबावे. गावरस्त्यांवर दिवे विरळ असतात, उबेसाठी गुरे डांबरावर बसतात, आणि वाडीची कुत्री आपल्या हद्दीबद्दल फार दक्ष असतात. कुत्रे अंगावर आल्यास वेग वाढवण्यापेक्षा उतरून सायकल मध्ये धरून शांतपणे चालत जाणे अधिक सुरक्षित ठरते.

सायकल महागच हवी असे नाही, पण तिच्यात तीन गोष्टी असाव्यात. टायर रुंद, निदान ३२ ते ४० मिलिमीटर, असावेत, म्हणजे उखडलेली खडी आणि सड्यावरचा जांभा सोसवतो. ब्रेक ओल्या उतारावरही धरणारे असावेत. आणि गिअरमध्ये एक तरी असा हलका टप्पा असावा की पायडलच्या एका फेरीत मागचे चाक जेमतेम एकदा फिरेल, कारण खोरे सोडून सड्यावर चढताना त्याचीच गरज लागते. पंक्चरचे सामान व हवेचा पंप जवळ ठेवावा, कारण सायकल दुरुस्तीची दुकाने बाजारगावांतच भेटतात. बाहेरगावाहून येणाऱ्यास रेल्वेच्या पार्सल कार्यालयात नोंदवून सायकल मालडब्यातून आणता येते, आणि कणकवली स्थानकापासून आचरा रस्ता फार दूर नाही.

हे सारे लिहिताना एक गोष्ट विसरून चालणार नाही, ती ही की सायकल येथे नवी नाही. साखळीवर चालणारी, दोन सारख्या चाकांची सायकल इंग्लंडमध्ये १८८५ साली बाजारात आली, आणि अवघ्या तीन वर्षांत, १८८८ साली, बेळगावात किर्लोस्कर बंधूंनी सायकलीचे दुकान काढले. पुढच्या औद्योगिक साम्राज्याचा पाया तो. कोकणात आणि गोव्यात पाववाला, टपालवाला, मासे विकणारा आणि शाळामास्तर यांनी अनेक दशके याच रस्त्यांवर सायकल चालवली, तेव्हा तिला कुणी पर्यटन म्हटले नव्हते. कणकवलीजवळच्या वागदे येथे गडनदीकाठी गोपुरी आश्रम उभारणारे अप्पासाहेब पटवर्धन, ज्यांना लोक कोकणचे गांधी म्हणत, त्यांनी शरीरश्रमाला आणि स्वावलंबनाला जे स्थान दिले, त्या विचाराच्या भूमीत स्वतःच्या पायांच्या बळावर केलेला प्रवास परका वाटण्याचे कारण नाही.

तथापि ही शांतता कायमची आहे असे समजणे चुकीचे ठरेल. खाड्यांतील वाळू आणि सड्यांवरील चिरेखाणींचा दगड वाहून नेणारे डंपर नेमके याच अरुंद रस्त्यांवरून धावतात. एका डंपरने रस्त्याची जी मोडतोड होते ती शेकडो सायकलींनी होत नाही, आणि एका वळणावर भेटलेला भरधाव डंपर शाळकरी मुलाला पुन्हा सायकलीवर बसू देत नाही. दुसरीकडे रेवसपासून रेडीपर्यंतच्या सागरी महामार्गाची आणि त्यावरील खाडीपुलांची कामे हाती घेतली जात आहेत. पुलाला विरोध करणे अन्यायाचे होईल, कारण आजारी माणसाला दवाखान्यात नेण्यासाठी खाडीला वळसा घालणाऱ्या गावाला पूल हवाच असतो; परंतु पूल आला की पूर्वी जेथे वाट संपत होती तेथून ती सुरू होते, आणि त्याबरोबर येणारा वेग आवरण्याची तरतूद आधीच करावी लागते. वाडीतून जाणाऱ्या रस्त्यावर ताशी ३० किलोमीटरची मर्यादा, शाळा भरण्या-सुटण्याच्या वेळी डंपरना मनाई, आणि रुंदीकरणाच्या नावाखाली गडगे व झाडे पाडण्याआधी ग्रामसभेची संमती, या तीन गोष्टींना मोठा निधी लागत नाही. सिंधुदुर्ग १९९७ साली पर्यटन जिल्हा म्हणून जाहीर झाला, पण त्या पर्यटनाचा जवळजवळ सारा भार किनाऱ्यावर पडला आहे; मालवणला वाहने उभी करायला जागा पुरत नाही आणि तेथून काही कोसांवरच्या खोऱ्यात पाहुणा फिरकत नाही. सायकलीने आलेला पाहुणा हळू जातो, म्हणून वाटेत जेवतो, पाणी मागतो, मुक्काम करतो, आणि त्याचा पैसा वाडीवाडीत वाटला जातो.

या पाहुण्याला वाट सापडावी यासाठी जगात एक फार सुटसुटीत उपाय निघाला आहे. बेल्जियमच्या लिंबुर्ग प्रांतातील ह्यूगो बोलेन या खाणअभियंत्याने १९९५ च्या सुमारास सुचवले की सायकलस्वारासाठी लांबलचक मार्ग आखून देण्याऐवजी प्रत्येक फाट्याला एक क्रमांक द्यावा आणि प्रत्येक फाट्यावर शेजारच्या फाट्यांचे क्रमांक व दिशा लिहाव्यात; मग ज्याला जसे जायचे असेल तसे त्याने क्रमांकांची ओळ कागदावर लिहून घ्यावी आणि निघावे. ही पद्धत नेदरलँड्सनेही स्वीकारली आणि आज त्या दोन देशांत ती सर्वत्र आढळते. गडनदीच्या खोऱ्यात फाट्याला ‘तिठा’ म्हणतात, आणि प्रत्येक तिठ्याला आधीच नाव आहे, ओळख आहे, बहुतेक ठिकाणी एक पिंपळ किंवा एक चहाची टपरीही आहे. त्यावर फक्त क्रमांक घालायचा आहे. हे रस्ते जिल्हा परिषदेच्या ताब्यात आहेत आणि तिठे ग्रामपंचायतींच्या हद्दीत आहेत, तेव्हा दोघांनी मिळून नरडव्यापासून तळाशीलपर्यंतच्या तिठ्यांची यादी या पावसाळ्यात करावी, आणि पाऊस थांबला की दगडांना रंग देण्याचे काम सुरू करावे.